‘हेरेटिक’ला मराठीत काय म्हणायचं?

कोरापाना: मध्ययुगीन युरोपवरचा लेख मराठीत आणतेय. ‘हेरेटिक’ला, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध मत धरणाऱ्या ख्रिस्ती माणसाला, सगळीकडे ‘पाखंडी’ लिहिलं होतं, संपादकांनी खोडून ‘नास्तिक’ केलं. मला अजिबात पटलेलं नाही. १२४४ साली फ्रान्समधल्या मॉन्तसेग्युरच्या गडाखाली दोनशेहून जास्त कॅथार, म्हणजे चर्चने हेरेटिक ठरवलेल्या एका ख्रिस्ती पंथाची माणसं, एकत्र जाळले. मत सोडलं असतं तर जीव वाचत होता, तरी सोडेनात. देवासाठी मेलेली माणसं नास्तिक कशी?

पाटीवरचा: नास्तिक चूकच. पण पाखंडीही नको. देवळात टाळ कुटून घरी सुनेला उपाशी ठेवणाऱ्याला माझी आजी पाखंडी म्हणायची. म्हणजे ढोंगी. तुमचे कॅथार ढोंगी असते तर ‘चुकलो’ म्हणून घरी गेले असते.

जुनीपोथी: तो घसरलेला अर्थ. ‘पा’ म्हणजे वेदधर्माचं पालन, त्याचं खंडन करतो तो पाखंडी. घरचा शब्द असताना दुसरा कशाला?

कोरापाना: काका, ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, आणि राजा सगळ्याच पासंडांचा मान राखतो. ग्रीक ‘हायरेसिस’चंही तेच: आधी निवड, मग पंथ. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस फरिसी-सदूकी या ज्यू पंथांना तोच शब्द लावतो, शिवी म्हणून नाही. दोन्ही शब्द एकाच वाटेने बदनाम झाले, म्हणून तर मला पाखंडी सोडवत नाही.

खडूफळा: ‘धर्मद्रोही’ लिहा. ११९९ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने अशा मताला राजद्रोहाच्या पंगतीत बसवलं. तेराव्या शतकातला चर्चचा पंडित थॉमस अक्वायनस, त्याचं म्हणणं, खोटी नाणी पाडणाऱ्याला राजे मारतात, मग श्रद्धा नासवणाऱ्याचा गुन्हा तर त्याहून मोठा. शिवाय हेरेटिक ठरायचा तो बाप्तिस्मा झालेला. घरचाच फितूर झाला, हा राग होता.

पाटीवरचा: सर, द्रोही हा फिर्यादीचा शब्द. चर्चवर टीका करणारा चेक धर्मोपदेशक यान हुस, त्याला अभयपत्र देऊन कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला बोलावलं आणि १४१५ मध्ये जाळलं. द्रोह कुणी केला? सरळ ‘हेरेटिक’ ठेवा.

जुनीपोथी: म्हणजे अडलं की इंग्रजी!

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडून, इन्क्विझिशन, म्हणजे हेरेटिक शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. बाप्तिस्म्यानंतरही घरात जुने आचार पाळणारे त्यात भरडले गेले. त्यांना धर्मद्रोही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोरापाना: माझीही. बरं, ‘एक्सकम्युनिकेट’ला, म्हणजे चर्चमधून बहिष्कृत करण्याला, ‘वाळीत टाकणं’ चालेल? १२१५ च्या लॅटरन या चर्चच्या परिषदेनुसार संशयित वर्षभर असा बहिष्कृतच राहिला तर हेरेटिक ठरे.

पाटीवरचा: ताई, वाळीत गाव टाकतं नाहीतर जात. आमच्याकडे एका घराचं पाणी तोडलं होतं, दंड भरल्यावर पुन्हा पंक्तीला घेतलं. मत काय आहे, हे कुणी विचारलंही नाही.

मांडवीकाठ: आमच्याकडे मात्र मतच विचारत.