शॉवरची धार कमीजास्त का होते? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-७०२ : सर्वांना नमस्कार. गच्चीवरील टाकीचा तळ आमच्या शॉवरपासून जेमतेम ३ मीटर उंच असल्यामुळे आम्हाला धारच मिळत नव्हती, म्हणून मागच्या दिवाळीत आम्ही आमच्या गार पाण्याच्या लाइनपुरता प्रेशर पंप गच्चीवर बसवून घेतला. सुरुवातीला काम उत्तम चालले. आता मात्र पाणी चार-पाच सेकंद जोरात येते, मग एकदम मंदावते, आणि जोर वाढला की गारठा व मंदावला की चटका, असा खेळ आंघोळ संपेपर्यंत चालतो. प्लंबरने पंप बदलावा लागेल असे सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी कोणाला असा अनुभव असल्यास कृपया कळवावे.

बी-६०२ : विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. गेले दोन महिने सकाळी सात-साडेसातच्या सुमारास आमच्या सोलरच्या (गच्चीवरील सोलर वॉटर हीटरच्या) नळाला अचानक गार पाणी येते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा गरम सुरू होते. सोलरच्या माणसाला दोनदा बोलावले. दोन्ही वेळा त्याने वर टाकीत पाणी गरम असल्याचे दाखवले.

बी-७०२ : आमच्याकडील आंघोळी त्याच वेळेला होतात, वहिनी. पण आमच्या पंपाचा तुमच्या सोलरशी काय संबंध असणार?

ए-३०४ : संबंध बहुधा आहे, आणि म्हणूनच पंप बदलून हा त्रास सुटणार नाही. उभ्या १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) धरतात. त्या हिशेबाने ७०२ ला टाकीचा दाब सुमारे तीन दशांश किलो मिळतो. सोलरची टाकी थोडी उंच असल्यामुळे गरम पाण्याला फार तर अर्धा किलो मिळत असेल. गार पाणी मात्र पंपामुळे दीड-दोन किलोने येते. हे दोन्ही मिक्सरमध्ये एकत्र आले, की जोराचे पाणी अशक्त पाण्याला बाहेर पडूच देत नाही, आणि शॉवरची जाळी क्षाराने बुजलेली असेल तर वाट न मिळालेले गार पाणी उलटे सोलरच्या पाइपात शिरते. तोच पाइप पुढे ६०२ मध्ये उतरतो. अर्थात आधी तपासून पाहावे. माझ्या सांगण्यावर भिंत फोडू नये.

पहिली तपासणी अशी, की गरम पाण्याचा कॉक पूर्ण बंद करून केवळ गार पाण्यावर शॉवर चालवावा. जोर तरीही तसाच कमीजास्त झाला, तर तो दोष सोलरचा नसून पंपाच्या बाजूचा समजावा. दुसरी, शॉवरचे तोंड काढून १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे, मग तोंड बसवून पुन्हा पाहावे; वेळ बराच वाढला तर जाळी बुजलेली समजावी.

सी-१०१ : पंप इतका उपयोगी असेल तर आम्ही तळमजल्याच्या जवळचे लोक महापालिकेच्या लाइनलाच तो लावतो!

सचिव : तो बेकायदेशीर आहे आणि सापडल्यास जप्त होतो. कृपया मूळ विषयावर बोलावे.

बी-७०२ : काका, दोन्ही तपासण्या केल्या. गरम बंद केल्यावरही पाण्याचा जोर तसाच हेलकावे खातो. बादली तोंड नसताना ४० सेकंदांत भरली आणि तोंड बसवल्यावर पावणेदोन मिनिटे लागली. गच्चीवर मुलाला उभे केले होते; शॉवर चालू असताना पंप दर चार-पाच सेकंदांनी सुरू होऊन बंद होतो, असे तो म्हणतो.

ए-३०४ : मग दुखणे सापडले. पंपाशेजारी जे गोल पिंप आहे, त्यात रबराचा फुगा असतो आणि फुग्याबाहेर हवा भरलेली असते. ती हवा दाब साठवून ठेवते, म्हणून पंपाला सारखे उठावे लागत नाही. हवा निघून गेली की साठा उरत नाही. मग जाळी बुजल्यामुळे पाण्याचा खप कमी आणि पंपाची ताकद जास्त, अशा स्थितीत पंप क्षणात दाब गाठून थांबतो आणि क्षणात पुन्हा लागतो. पंपाची वीज मेन स्विचवरून बंद करून, नळ उघडून लाइनमधला दाब पूर्ण उतरू द्यावा. त्यानंतर पिंपावरील काळे टोपण काढावे. आत मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह दिसेल. त्याची पिन दाबल्यावर पाणी आले तर फुगा फाटला आहे आणि तो बदलावा लागेल. केवळ हवा आली तर टायरच्या गेजने मोजावी. लाइनचा दाब २० पौंडांवर (दर चौरस इंचाला) उतरल्यावर पंप सुरू होत असेल तर पिंपात १८ पौंड हवा हवी, म्हणजे नेहमी दोनेक पौंड कमी.

बी-७०२ : पिन दाबल्यावर थोडी हवा सुटली, पाणी आले नाही. गेजवर जेमतेम ४ पौंड दिसले. मुलाने सायकलच्या पंपाने १८ पर्यंत हवा भरली. शॉवरचे तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते; सकाळी तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे वाटीच्या तळाशी बसलेले होते. बोअर आणि टँकरच्या पाण्याची ही कृपा. आता पंप मिनिटभराने एकदा लागतो आणि धार सलग येते. परंतु गरम पाणी सोडले तरी शॉवरखाली पाणी कोमटच राहते.

ए-३०४ : ते होणारच, कारण दोन्हीकडच्या दाबातील तफावत तशीच आहे. गरम लाइनवर एनआरव्ही (पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवल्यास ६०२ चा त्रास थांबेल, मात्र तुमच्या शॉवरला त्याने गरम पाणी मिळणार नाही. सोलरच्या लाइनलाही पंप लावावा असे कोणी सुचवील. पण ती लाइन सर्वांची आहे आणि तुमचा पंप खालच्यांच्या वाट्याचे गरम पाणी ओढील, म्हणून माझा त्याला विरोध आहे. त्याऐवजी शॉवरच्या मिक्सरला विजेच्या गिझरचे पाणी द्यावे आणि त्या गिझरला पाणी पंपाच्याच लाइनवरून घ्यावे, म्हणजे गरम-गार दोन्हींचा दाब सारखा राहील. गिझरच्या पट्टीवर किती दाब सोसतो ते लिहिलेले असते, ते आधी वाचावे आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे याची खात्री करावी. सोलरचे पाणी बादलीच्या स्वतंत्र नळाला ठेवावे.

बी-७०२ : आज प्लंबरकडून तसेच करून घेतले. सोलरची लाइन मिक्सरपासून तोडून बादलीच्या नळाला जोडली आहे. वहिनी, उद्या सकाळी सात वाजता आमच्याकडे शॉवर चालू असताना आपला नळ उघडून पाहाल का?

बी-६०२ : पाहिले. सव्वासात वाजता नळ सोडला, अर्ध्या मिनिटात गरम पाणी आले आणि शेवटपर्यंत गरमच राहिले. सोलरच्या माणसाला मी उगाच बोल लावला होता. त्याला फोन करते.

सचिव : ज्या सदनिकांनी स्वतंत्र प्रेशर पंप बसवले आहेत, त्यांनी मिक्सरला सोलरची लाइन जोडलेली आहे का हे रविवारपर्यंत मला कळवावे.