'परफेक्शनिझम'ला व्यापारात काय म्हणायचं?

अनुवादिका_दादर: घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. एका प्रकरणाचा विषय असा: माल तयार आहे, गिऱ्हाईक विचारतंय, पण लेबल मनासारखं होत नाही म्हणून विक्री अडलेली. मी 'परिपूर्णतावाद' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'चोखंदळपणा' केलं. मला पटत नाही. तुम्ही काय वापराल?

मुद्रितशोधक: चोखंदळ असतो तो निवडणारा: गिऱ्हाईक, वाचक, खवय्या. करणारा काटेकोर असतो. शिवाय दोन्ही शब्द कौतुकाचे. आणि 'परिपूर्णतावाद' ही साम्यवादाच्या पंगतीतली विचारसरणी वाटते. 'परिपूर्णतेचा अट्टाहास' घ्या.

शब्दवेल्हाळ: अट्टहास म्हणजे मोठ्याने हसणं! मूळ अर्थ इतका सोडायचा?

मुद्रितशोधक: 'शिक्षा' संस्कृतात शिकवण, मराठीत दंड. 'राग' तिथे अनुराग, इथे संताप. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच पाहायचा.

छपाईवाला_परळ: शब्द कोणताही घ्या, पण 'काटेकोर'ला त्या प्रकरणात दोषी ठरवू नका. लेबलावर काही गोष्टी चुकवून चालतच नाहीत: निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तारखा, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, शाकाहारी पदार्थ असेल तर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. लोक अडतात ते इथे नाही. ते बोधचिन्हाची छटा आणि अक्षराचं वळण घेऊन बसतात.

त्यातही छपाई कोणती, त्यावर सगळं ठरतं. छापील पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर, निघतो. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, एक अक्षर बदललं तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा, आणि ऑर्डरही मोठी द्यावी लागते. तिथे दहा वेळा तपासलंत तरी योग्यच. पण सुरुवात साध्या पाऊचवर डिजिटल स्टिकर लावून करा. १३ बाय १९ इंचांच्या कागदावर ३ बाय ४ इंचांची १६ लेबलं मधली जागा सोडून बसतात. प्लेट नाही, सिलिंडर नाही. पुढच्या खेपेला मजकूर बदलता येतो. प्रूफ तीनदाच वाचा: आधी नुसते आकडे, मग शुद्धलेखन, मग मांडणी. रंग मोबाइलवर बघून पसंत करू नका. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. भडक केशरी कागदावर मंद होणारच. ते जुळेपर्यंत थांबणारा कायमचा थांबतो.

कोशप्रेमी_गिरगाव: हे वाचून वाटतं, नाम शोधण्यातच चूक होते आहे. मराठीत हा दोष क्रियापदात असतो. हात फिरवत बसणे, घोळत बसणे, कीस काढत बसणे. सगळा ठपका त्या 'बसणे'त आहे. 'लेबल सुधारलं' हे काम झालं. 'लेबल सुधारत बसला' म्हटलं की विक्री अडल्याचं आपोआप कळतं. प्रकरणाला 'सुधारत बसू नका, विकायला काढा' असं नाव द्या.

शब्दवेल्हाळ: बोलायला छान. अनुक्रमणिकेत आणि सूचीत नामच लागतं. 'परिपूर्णताग्रह' का नको?

कोशप्रेमी_गिरगाव: कारण तो शब्द क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराला समजावून सांगावा लागेल. त्यापेक्षा 'परफेक्शन' राहू द्या, तो रोज म्हणतो.

शब्दवेल्हाळ: रोज म्हणतो म्हणून छापायचं, तर कोश कशाला काढायचे?

अनुवादिका_दादर: क्रियापदाचं पटलं. पण मग नमुन्याच्या लेबलावर सगळं मराठीत ठेवू ना? 'निव्वळ वजन' वगैरे?

छपाईवाला_परळ: थांबा. वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवीच. मराठी जोडीला चालते, एकटी नाही. दुकानाच्या पाटीचा नियम वेगळा. तिथे मराठी देवनागरी लागते आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. लोक पाटीचा नियम वेष्टनाला लावतात आणि सगळी स्टिकरं वाया जातात.

मुद्रितशोधक: 'निव्वळ' की 'नक्त'? ताळेबंदात 'नक्त मूल्य' असतं.

शब्दवेल्हाळ: नक्त म्हणजे रात्र.

मुद्रितशोधक: पुन्हा संस्कृत! हिशेबात नक्त म्हणजे वजावट करून उरलेलं.

कोशप्रेमी_गिरगाव: लेबलावर निव्वळच. 'नक्त' किराणा घेणाऱ्याने ऐकलेला नसतो. मात्र 'निव्वळ शेंगदाणे' लिहिलंत तर अर्थ 'फक्त शेंगदाणे' असा होतो, तेव्हा 'वजन' हा शब्द गाळू नका.

शब्दवेल्हाळ: मग 'भरवजन' कसं वाटतं?