'द इटर्नल आयडॉल' : दोन गायकांचा, म्हणून कुणाचाच नसलेला सॅबथचा अल्बम?

काळा शनिवार (धागाकर्ता)

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं नाव निघालं की गप्पा पहिला गायक ऑझीपासून सुरू होतात आणि त्याच्या जागी आलेल्या डिओपाशी येऊन भांडणात संपतात. कुणी फारच अभ्यासू निघाला तर नंतरचा गायक टोनी मार्टिनचा उल्लेख करतो, 'हेडलेस क्रॉस' (१९८९) बरा होता म्हणतो आणि विषय मिटतो. त्याच्या आधीचा, नोव्हेंबर १९८७ चा 'द इटर्नल आयडॉल' कुणाच्या तोंडी येत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे : हा 'हेडलेस क्रॉस'पेक्षा सरस अल्बम आहे. आणि ज्या गोष्टीमुळे तो दुर्लक्षित राहिला, तीच गोष्ट त्याला पुन्हा ऐकण्याजोगा बनवते. तो दोन गायकांच्या आवाजात पूर्ण उपलब्ध आहे.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९८६ च्या 'सेव्हन्थ स्टार'वर ग्लेन ह्यूज गायला होता. मुळात तो सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीचा एकट्याचा अल्बम व्हायचा होता, पण कंपनीच्या आग्रहाखातर त्यावर सॅबथचं नाव चढलं. दौरा सुरू झाला आणि ह्यूजचा आवाजच गेला. ऐन दौऱ्यात रे गिलेन नावाचा अमेरिकन पोरगा उभा केला गेला. (इयन गिलन वेगळा. तो १९८३ च्या 'बॉर्न अगेन'वर. सॅबथने गायक निवडतानाही श्रोत्यांची दया केली नाही.) पुढचा अल्बम करायला मंडळी माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत गेली. पैशाची ओढाताण, व्यवस्थापनाचा घोळ, निर्माते बदलत गेले : आधी जेफ ग्लिक्समन, मग विक कॉपरस्मिथ-हेवन, शेवटी ख्रिस त्सांगारिडीस. गिलेन सगळी गाणी गाऊन झाल्यावर निघून गेला. मग बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनला बोलावलं, तयार गाण्यांवर त्याचा आवाज चढवला आणि अल्बम बाजारात आला. इंग्लंडमध्ये ६६ वा, अमेरिकेत १६८ वा. चारच वर्षांपूर्वी 'बॉर्न अगेन' इंग्लंडमध्ये चौथा होता, यावरून घसरण लक्षात यावी.

गिलेनच्या फिती चोरट्या प्रतींतून फिरत होत्या. २०१० च्या डिलक्स आवृत्तीत त्या अधिकृतपणे दुसऱ्या तबकडीवर आल्या. आता कुणीही दोन्ही शेजारी ठेवून ऐकू शकतो. आणि तसं ऐकलं की मार्टिनने केवळ रिकामी जागा भरली हा समज टिकत नाही. 'द शायनिंग'चं ध्रुवपद ऐका. गिलेन तिथे जोर लावून वर चढतो, मार्टिन वरच उभा असतो. ते गाणं त्या उंचीचं आहे.

ऑझीनिष्ठ

शनिवारराव, दर काही महिन्यांनी तुम्ही एक मढं उकरून काढता! आयोमी सोडला तर या अल्बमवर सॅबथ आहे कुठे? बासवर मूळचा गीझर नाही, ड्रमवर मूळचा बिल वॉर्ड नाही. आवरणावर बास म्हणून डेव्ह स्पिट्झचं नाव, वाजवलाय बॉब डेझलीने. ड्रमवर एरिक सिंगर, जो पुढे 'किस' या बँडमध्ये जाऊन बसला. शब्दही बहुतेक डेझलीचेच. ही भाड्याने जमवलेली मंडळी. वर सॅबथची पाटी लावली म्हणून सॅबथ होत नाही.

जुलै २०२५ मध्ये व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा मंचावर मूळचे चौघे होते. लोकांनी काय ऐकलं? 'वॉर पिग्ज', 'एनआयबी', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड'. 'द शायनिंग'ची फर्माईश कुणी केल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

काळा शनिवार

भाड्याची मंडळी म्हणता ना, त्यातला बॉब डेझली म्हणजे ऑझीच्या एकट्याच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन'वर बास वाजवणारा आणि शब्द लिहिणारा माणूस. तुमच्या दैवताच्या तोंडी ज्याचे शब्द शोभतात, ते मार्टिनच्या तोंडी आले की भाडोत्री कसे?

आणि निरोपाच्या कार्यक्रमात डिओचंही काही वाजलं नाही त्या चौघांकडून. म्हणून डिओने गायलेला 'हेवन अँड हेल' वाईट ठरला का?

तानपुरी

मला धाग्याचा विषय आवडला, निष्कर्ष अजिबात नाही. गिलेनची आवृत्ती उजवी आहे आणि त्यात शंकेला जागा नाही.

एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकताना आपण काय बघतो? कोण किती वर गेला हे नाही. शब्द कुठे ठेवला, समेवर कसा आला, मोकळ्या जागेत काय केलं, हे बघतो. गिलेन तालाच्या किंचित मागे रेंगाळतो, ओळीच्या शेवटी आवाजाला खरखर देतो. त्याच्या गळ्यात ब्लूज आहे. आयोमीच्या गिटारमध्येही तोच ब्लूज आहे, सगळा काळोख बाजूला केला तरी तळाशी तोच उरतो. म्हणून 'हार्ड लाइफ टू लव्ह'मध्ये दोघं एकमेकांशी बोलतात. मार्टिन तेच गाणं स्वच्छ, टापटीप, इस्त्री केल्यासारखं म्हणतो. सूर पक्का, पण डिओची सावली इतकी गडद की मूळ माणूस दिसत नाही.

गिलेनला कमी लेखण्याआधी 'सेव्हन्थ स्टार'च्या डिलक्स आवृत्तीत जून १९८६ चा हॅमरस्मिथचा कार्यक्रम आहे, तो ऐकावा. ऑझीची, डिओची गाणी काही आठवड्यांपूर्वी आलेला मुलगा अशी गातो की जणू त्याचीच आहेत. आणि पुढे गिटारवादक जेक ई. लीबरोबर बॅडलँड्स या बँडचा १९८९ चा पहिला अल्बम. तो गळा १ डिसेंबर १९९३ ला, वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. एड्सशी संबंधित आजाराने.

काळा शनिवार

'हार्ड लाइफ टू लव्ह' गिलेनला देऊन टाकतो. 'बॉर्न टू लूज'सुद्धा घ्या. मधल्या चालीची, रस्त्यावरची गाणी त्याची आहेत.

पण बंदिशीचा दाखला इथे उलटा पडतो, तानपुरीबाई. बंदिशीत दुसऱ्या गायकाला मोकळीक असते. मार्टिनला ती नव्हती. चाली ठरलेल्या, शब्द ठरलेले, वाद्यं वाजून झालेली. आधीच्या माणसाच्या पावलांवर पाऊल ठेवून चालायचं होतं आणि तरी स्वतःचं काही उमटवायचं होतं. या अटीत त्याने शेवटच्या 'इटर्नल आयडॉल' गाण्यात जे केलंय ते बघा. साडेसहा मिनिटांचं, जड पावलांचं, १९७० च्या पहिल्या अल्बमशी थेट नातं सांगणारं गाणं. गिलेन तिथे वैतागलेला वाटतो. मार्टिनच्या आवाजात एक थंडपणा आहे. तुम्ही ज्याला इस्त्री म्हणता तोच इथे कामी येतो. या गाण्याला घाम नको, दहशत हवी.

रीळवाला

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यामुळे राहवलं नाही. तुम्ही दोघंही गळ्यांची तुलना करताय आणि खरा फरक निम्माअधिक मिक्सचा, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवण्याचा आहे. प्रसिद्ध झालेल्या अल्बमवर त्सांगारिडीसचा शेवटचा हात फिरलाय. गिलेनची तबकडी आधीच्या टप्प्यावरची. एकात आवाजाभोवती ऐंशीच्या दशकातला तो भलामोठा प्रतिध्वनी, दुसऱ्यात आवाज कोरडा आणि पुढे. कोरडा आवाज कानाला जवळचा, 'खरा' वाटतो. तानपुरींना जो ब्लूज ऐकू येतोय त्यातला काही भाग प्रतिध्वनी नसण्याचा आहे. आणि शनिवारांना मार्टिनची जी उंची वाटते, तिच्यात जेफ निकोल्सच्या कीबोर्डची भिंत मागे उभी आहे हे विसरू नये.

गंमत म्हणजे गिलेन पुरता पुसला गेलाच नाही. 'नाइटमेअर'मधलं ते राक्षसी हसू प्रसिद्ध अल्बमवरही त्याचंच ठेवलंय.

मंदगती

सगळे गायकांत अडकलेत. गाण्यांबद्दल कुणी बोलेल का?

नऊ गाणी. त्यातलं 'स्कार्लेट पिम्पर्नेल' हे दोन मिनिटांचं वाद्यसंगीत, छान आहे, सोडून द्या. 'लॉस्ट फॉरएव्हर' नुसतं धावतं. 'बॉर्न टू लूज'चं नाव ऐकूनच गाणं कसं असेल ते कळतं. 'ग्लोरी राइड' आणि 'हार्ड लाइफ टू लव्ह' ठीक. राहता राहिली 'द शायनिंग', 'एन्शंट वॉरियर', 'नाइटमेअर' आणि शीर्षकगीत. चार गाण्यांवर 'अन्याय झालेली महान कलाकृती' उभी राहत नाही. आणि 'द शायनिंग'ची रिफसुद्धा (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी धून) १९८४ पासून डेमोत, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणात, पडून होती, वेगळ्याच गायकाबरोबर. म्हणजे त्या गाण्याचे गायक मोजायचे तर तिसराही निघतो.

त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९८७ मध्ये, स्वीडनच्या कँडलमास या बँडचा 'नाइटफॉल' आला. तिथेही गायक बदललेला. आधीच्या अल्बमवर योहान लँगक्विस्ट पाहुणा म्हणून गाऊन गेला आणि इथे मेसाया मार्कोलिन आला. ती मुलं आयोमीच्या जुन्या रिफ उराशी धरून सॅबथपेक्षा जास्त सॅबथ वाजवत होती, आणि खुद्द आयोमी निम्मा वेळ रेडिओच्या मागे लागला होता. अल्बम दुर्लक्षित राहिला कारण त्याला स्वतःला काय व्हायचंय ते ठरलेलं नव्हतं. गायकाचा प्रश्न नंतरचा.

काळा शनिवार

'नाइटफॉल' थोर आहे, वादच नाही. पण कँडलमासला गमवायला काही नव्हतं. आयोमीवर जवळपास वीस वर्षांचं नाव होतं आणि खिशात फारसं काही नव्हतं. 'एन्शंट वॉरियर'ची ती पूर्वेकडे झुकलेली रिफ सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही सॅबथ अल्बमवर खपली असती. शिवाय चार उत्तम गाणी म्हणता, तर 'टेक्निकल एक्स्टसी'त तुम्हाला चार सापडतात का? तो मात्र ऑझीचा म्हणून यादीत कायम.

ठाणे स्लो

मंडळी, दुर्लक्षाची कारणं शोधताना एक राहिलंच. १९८७ मध्ये हा बँड दक्षिण आफ्रिकेत सन सिटी या रिसॉर्टला वाजवायला गेला. वर्णभेदी राजवटीविरुद्ध सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना. तालवाद्यांवर असलेल्या बेव्ह बेव्हनने जायला नकार दिला. त्यानंतर कोण यांच्या अल्बमबद्दल चांगलं लिहिणार होतं? अमेरिकेत तर दौराच झाला नाही. ६६ आणि १६८ या आकड्यांत हेही धरा. मला अल्बम आवडतो, पण 'बिचारा' हा सूर पटत नाही. काही गोष्टी ओढवून घेतलेल्या होत्या.

अवांतर : मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात फुटपाथवर घेतलेल्या एमपीथ्री सीडीवर. गायक म्हणून प्रत्येक गाण्यापुढे ऑझीचं नाव. बराच काळ मी मित्रांना सांगत होतो की ऑझी तरुणपणी काय वर गायचा!

ऑझीनिष्ठ

ठाणे स्लो, त्या सीडीवाल्याला माझा नमस्कार सांगा. गायक कोण होता याने काही फरक पडत नाही हे त्याला कळलं होतं.

तानपुरी

सन सिटीचा मुद्दा योग्य, आणि त्या वेळी गिलेन बँडमध्ये नव्हता हेही नोंदवून ठेवते.

रीळवाला, मिक्सचं मान्य करूनही माझं मत तेच. प्रतिध्वनी काढून टाकला तरी शब्द कुठे टाकायचा हे गायकच ठरवतो. 'नाइटमेअर' दोन्ही ऐकताना फक्त कडव्यातल्या ओळींची सुरुवात ऐका. गिलेन ठेक्याला थोडा हुलकावणी देऊन शिरतो. मार्टिन घड्याळ लावून येतो. भयाचं गाणं घड्याळ लावून म्हणायचं नसतं. म्हणूनच निर्मात्याला गिलेनचं हसू ठेवावं लागलं.

काळा शनिवार

हसू चांगलं होतं, ठेवलं. गायन पुन्हा करून घेतलं.

पण माझा मूळ मुद्दा बाजूला पडतोय. २०२४ मध्ये मार्टिनच्या काळातले अल्बम नव्याने संचात आले. संचाच्या नावातच '१९८९–१९९५' आहे. म्हणजे 'हेडलेस क्रॉस'पासून सुरुवात. 'इटर्नल आयडॉल' आधीच्या कंपनीकडचा, म्हणून बाहेर. मार्टिनच्या पाच अल्बमांपैकी नेमका पहिलाच गळाला. गिलेनचे चाहते म्हणणार हा त्याच्याकडून हिसकावलेला, मार्टिनचे चाहते म्हणणार त्याचा खरा काळ ड्रमर कोझी पॉवेल आल्यावर सुरू झाला, आणि जुने लोक तर ऑझीनिष्ठांसारखे. आवरणसुद्धा असंच : रोदँच्या याच नावाच्या शिल्पाचं मूळ छायाचित्र मिळालं नाही, म्हणून दोन माणसांच्या अंगाला ब्राँझचा रंग फासून शिल्पासारखं बसवलं. आणि तरी ते चित्र बघताना तुम्हाला मूळ शिल्पाची उणीव भासत नाही.

मंदगती

मला भासते. स्त्रीपुरुष दोघंही अवघडून बसल्यासारखे दिसतात, आणि का नाही दिसणार! पण संचाबद्दल सहमत. 'फर्बिडन'ला जागा आणि याला नाही, हा विनोदच. चार गाणी 'फर्बिडन'मध्ये शोधून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

रीळवाला

ज्यांना खरंच तुलना करायची आहे त्यांना एक विनंती. दोन्ही तबकड्यांचा आवाज आधी समान पातळीवर आणा. जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, मग गायक कुणीही असो. आणि मार्टिनपासून सुरुवात करा. उलट क्रमाने ऐकलंत तर गिलेनची प्रत्येक हरकत मूळ आणि मार्टिनची प्रत्येक जागा नक्कल वाटणार.

तानपुरी

पण मूळ ती होतीच ना? क्रम उलटा लावून इतिहास कसा बदलणार? मी गिलेनपासूनच सुरू करणार.

ऑझीनिष्ठ

मी ऑझीच्या काळातला 'सॅबॉटाज' लावलाय. तुमचं ठरलं की कळवा.