बाबांच्या मांडीतला रॉड : स्क्रू काढायचे की रॉडच बदलायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. पोळ्याच्या आधी बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले, उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं : हाडाच्या पोकळीत लांब रॉड, वर-खाली आडवे स्क्रू. आता संक्रांत झाली तरी एक्स-रेत मोडल्याची रेघ स्पष्ट दिसते. वजन टाकलं की मांडीत कळ येते. तरी काठी टेकत वावरात निघतातच!

डॉक्टर म्हणतात, एका टोकाचे स्क्रू काढू. रॉड आतच राहील, पण चालताना हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातील आणि हाड जुळायला मदत होईल. नाहीच जुळलं तर जुना रॉड काढून, पोकळी घासून जाड रॉड टाकायचा. गावात जो तो सांगतो, स्क्रू काढले की पाय आखूड होतो. डॉक्टरांच्या मते हाडाचा चुरा झालेला असला तर ती भीती खरी, पण बाबांचं हाड आडवं, सरळ मोडलंय.

खर्रा बंद करा म्हणून बजावलंय, तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो. बाबा 'हो' म्हणतात अन् पुडी उशीखाली ठेवतात.

कोणाच्या घरी असे स्क्रू काढले आहेत का? नंतर वजन कधी टाकू दिलं? सेवाग्रामला एकदा दाखवावं का? आणि हे दुसरं ऑपरेशन जन आरोग्य योजनेत बसलं का, कागद कोणते लागले, तेवढं सांगा.