औषध मंजुरीच्या सरकारी कमिटीवर नाव द्यावं का? आधी कंपनीच्या ट्रायल केल्या असतील तर?

मुलुंडची_फार्माकोलॉजिस्ट
मंडळी जरा सल्ला हवाय. मी मुंबईतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात फार्माकोलॉजी शिकवते. केंद्राच्या औषध नियामकाकडे म्हणजे सीडीएससीओकडे नवीन औषधांच्या फायली तपासायला सब्जेक्ट एक्स्पर्ट कमिट्या असतात, एसईसी म्हणतात त्या. त्यांच्या पॅनेलसाठी आमच्याकडून नावं मागवलीत. एक-दोन सीनियर लोक "नको ती डोकेदुखी" म्हणाले आणि माझं नाव पुढे आलं. मला काम करायची मनापासून इच्छा आहे, पण अडचणी आहेत.

पहिली म्हणजे काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या डायबेटिसच्या ट्रायलमध्ये मी को-इन्व्हेस्टिगेटर होते. पैसे संस्थेच्या खात्यात आले, माझ्या नाही, पण नाव तर आहेच ना. दुसरी त्याहून मोठी, माझा नवरा एका फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे. हे सगळं लिहून दिलं तर नाव लगेच कापतील का? आणि असं असताना मी नाव द्यावं तरी का?

तिसरी गोष्ट मनात सारखी येते. २०१२ चा संसदीय स्थायी समितीचा ५९ वा अहवाल वाचलाय ना तुम्ही? वेगवेगळ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी औषधाची शिफारस करणारी पत्रं दिली होती आणि ती शब्द न् शब्द सारखी निघाली. म्हणजे कोणीतरी एकच मसुदा सगळ्यांना पुरवला आणि यांनी खाली सही केली. तो भाग मी पीजींना, म्हणजे एमडीच्या विद्यार्थ्यांना, दर वर्षी वाचायला लावते. नुसती सही करणारी तज्ज्ञ मला व्हायचं नाही. आत गेल्यावर खरंच बोलता येतं का, की सगळं आधीच ठरलेलं असतं? आत बसलेल्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर_ठाणे
ताई, आधी नाव द्या, मग पुढचं वाचा.

मी रिटायर होण्याआधी अशा कमिटीवर बसलोय, कुठल्या ते सांगत नाही. आत काय होतं ते सांगतो. अजेंडा येतो, फायली येतात, मीटिंगमध्ये कंपनीचे लोक येऊन प्रेझेंटेशन देतात, तुम्ही प्रश्न विचारता, ते बाहेर गेले की चर्चा होते आणि शिफारस लिहिली जाते. मिनिट्स सीडीएससीओच्या वेबसाइटवर येतात, कोणीही वाचू शकतो, तुम्ही आज रात्री तुमच्या विषयाच्या मागच्या वर्षभराच्या मिनिट्स काढून वाचाच. कुठे "फेज ३ चा, म्हणजे जास्त पेशंटवरच्या ट्रायलचा, डेटा आणा" म्हणून परत पाठवलंय, कुठे भारतीय पेशंटवर ट्रायल करायला लावलीय, कुठे मंजुरी दिली पण बाजारात आल्यावर फेज ४ करायची अट घातलीय. वाचलं की कळतं कोणत्या फायलीवर खरी चर्चा झाली आणि कुठे दोन ओळीत विषय संपला.

बोलता येतं का? येतं. पण जो फाइल वाचून येतो त्यालाच येतं. माझ्या अनुभवात अर्धे लोक वाचून यायचे, उरलेले नाव मोठं म्हणून असायचे आणि ओपीडी संपवून धावत पोचायचे, त्यांचाही दोष नाही, एका माणसाला किती कमिट्यांवर घ्यायचं याला मर्यादा हवी. बारीक प्रश्न बहुतेक वेळा तरुण असोसिएट प्रोफेसरच विचारायचे, म्हणून तुमच्यासारख्यांनी यावं असं मला कळकळीने वाटतं. तुलना कोणत्या औषधाशी केली, डोस बरोबरीचा होता का, एंडपॉइंट म्हणजे परिणाम मोजायचा निकष म्हणून पेशंटला झालेला फायदा मोजला की नुसता रक्तातला आकडा, मधेच सोडून गेलेल्या पेशंटचं काय केलं. एवढं नेमाने विचारलं तरी फाइल कुठे पोकळ आहे ते उघडं पडतं.

एक कायम लक्षात ठेवा, कमिटी सल्ला देते, निर्णय डीसीजीआयचा, म्हणजे सीडीएससीओच्या प्रमुखाचा. सगळीकडे असंच आहे. अमेरिकेत अल्झायमरच्या अ‍ॅड्युकॅनुमॅबच्या वेळी, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिथल्या सल्लागार समितीतल्या एकानेही मुख्य प्रश्नावर बाजूने मत दिलं नव्हतं, तरी जून २०२१ मध्ये एफडीएने मंजुरी दिली आणि तिघा सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांचं मत रेकॉर्डवर होतं म्हणून जगाला कळलं. तेव्हा पटलं नाही तर "माझं वेगळं मत नोंदवा" असं स्पष्ट म्हणायचं आणि मिनिट्सचा ड्राफ्ट आला की ते आलंय का बघायचं.

कॉन्फ्लिक्टचं, म्हणजे हितसंबंध आड येण्याचं, उद्या सविस्तर लिहितो, आता डोळे दुखतात.

आरए_अंधेरी
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, औषध कंपनीत रेग्युलेटरी अफेअर्सला, म्हणजे मंजुरीच्या फायली बघतो. म्हणून आधीच सांगतो की माझं मत त्या हिशोबाने घ्या.

बाहेर लोकांना वाटतं कंपन्यांना ढिली कमिटी हवी असते. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यांना कमिटीत विषय कळणारा माणूस हवा असतो. फाइल एका आजाराची आणि टेबलाभोवती त्या आजाराचं कोणीच नाही असं झालं की प्रश्न भलतेच येतात, मग पुढच्या मीटिंगवर ढकलतात, महिने जातात, पेशंटही थांबतो. आणि भलतंच मंजूर झालं तर नंतर आम्हीच निस्तरतो.

मुद्द्यावर येतो. तुमच्या मिस्टरांची नोकरी ही अडचण आहे पण शेवट नाही. फॉर्मवर सरळ लिहा: पती अमुक कंपनीत, अमुक विभागात, शेअर आहेत का नाहीत. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, फक्त त्या कंपनीची फाइल आली तर चर्चेतून उठून बाहेर जायचं असं नाही, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं त्याच गटातलं औषध आलं तरी उठायचं. समोरच्याची फाइल अडली तर घरच्या कंपनीचा फायदा होतो ना. अजेंडा हातात पडला की त्याच दिवशी मेलने कळवा की या नंबरच्या विषयात मी नाही. मीटिंगमध्ये ऐनवेळी सांगितलं तर कोरम मोडायची भीती असते, मग "बसा हो मॅडम, काही होत नाही" असा आग्रह होतो. तिथे बसायचं नाही.

मुलुंडची_फार्माकोलॉजिस्ट
प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता, थँक्यू. पण मग मधुमेहाच्या निम्म्या फायलीत मला उठावं लागेल, अशा माणसाला घेऊन त्यांना काय फायदा?

निवृत्त_मास्तर_ठाणे
फायदा आहे, ऐका. तुम्ही मधुमेहाच्या पॅनेलला नाव देऊच नका. तुमची खरी ताकद कशात आहे? तुमच्या जुन्या पोस्ट वाचल्यात मी, तुम्ही साइड इफेक्टच्या रिपोर्टवर काम करता, कॉझॅलिटी असेसमेंट करता, म्हणजे त्रास त्या औषधामुळेच झाला का ते ठरवता. अँटिबायोटिक्स किंवा वेदनाशामकांच्या गटात तुमचा नवरा ज्या कंपनीत आहे तिचं काही नसेल तर तिथे द्या. कव्हरिंग लेटरमध्ये गट स्वतःच सुचवा आणि कारणही लिहा. नाव पाठवणाऱ्याला हे सुचत नाही, तो फक्त पद आणि डिग्री बघतो.

आता कालचं राहिलेलं. कॉन्फ्लिक्ट तीन प्रकारचा धरा. स्वतःचा म्हणजे मानधन, शेअर, कन्सल्टन्सी, कंपनीच्या खर्चाने केलेला प्रवास. घरच्यांचा, तो तुमच्या मिस्टरांचा. आणि संस्थेचा, म्हणजे तुमची ती ट्रायल. तिसरा सगळ्यात सौम्य पण लपवला तर तोच सगळ्यात जास्त जाळतो, कारण ट्रायल रजिस्ट्रीवर ट्रायलच्या नोंदी सगळ्यांना दिसतात. ब्रिटनमध्ये तिथल्या औषध नियामकाची, एमएचआरएची, मुख्य समिती आहे, कमिशन ऑन ह्युमन मेडिसिन्स, २००५ पासूनची. तिच्या सदस्यांना औषध उद्योगात वैयक्तिक हितसंबंध ठेवताच येत नाहीत. पण तिच्या खाली विषयवार तज्ज्ञ गट आहेत, तिथल्यांना ठेवता येतात, मात्र जाहीर करावे लागतात आणि त्या विषयात बाजूला राहावं लागतं. मला ही रचना पटते. वरच्या खुर्चीला कडक नियम, खाली ज्ञान असलेल्याला दार उघडं. ज्याने कधी कंपनीच्या ट्रायलला हात लावला नाही असाच तज्ज्ञ हवा म्हटलं तर ट्रायल आतून माहीत असलेला माणूसच उरणार नाही.

आपल्याकडे २०१३ मध्ये प्रा. रणजित रॉय चौधरी समितीने सुचवलं होतं की तज्ज्ञांची मोठी यादी करा आणि त्यातून फाइलपरत्वे निवडा, म्हणजे ठराविक नावं ठराविक फायलींवर बसणार नाहीत. मला आजही ती सर्वात चांगली सूचना वाटते. पण यादी मोठी व्हायला लोकांनी नाव तर द्यायला हवं, आणि चांगली माणसं "डोकेदुखी" म्हणून मागे सरकतात.

दादरचा_केमिस्ट
डॉक्टर लोकांच्या चर्चेत घुसतो, माफ करा. तीस वर्षं काउंटरवर आहे.

तुमच्या कमिटीत ठरलेलं शेवटी आमच्या काउंटरवर येतं. सर्दीच्या थेंबांचं घ्या, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन. एसईसीने शिफारस केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आदेश निघाला की ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा. निर्णय उत्तम. पण बाळाला कडेवर घेऊन आलेली आई म्हणते "मागच्या वर्षी तुम्हीच दिलंत ना", तिला समजावणार कोण? आम्हीच. जुन्या लेबलचा माल दुकानात असतो, नवीन पत्रक कोणी आणून देत नाही. कमिटीत बसून "लेबल बदला" म्हणताना एक प्रश्न जरूर विचारा मॅडम, हे दुकानापर्यंत किती दिवसात आणि कसं पोचणार.

दुसरं, आमच्यातला कोणी तिथे का नसतो? औषध कायद्यात, १९४० च्या, डीटीएबी म्हणजे ड्रग्ज टेक्निकल अ‍ॅडव्हायझरी बोर्डाची रचना कलम ५ मध्ये दिलीय. डॉक्टरांच्या संघटनेचा म्हणजे आयएमएचा निवडून दिलेला एक, आपल्या कलिन्याला ऑफिस आहे त्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचा एक, फार्मसी शिकवणाऱ्यांतला एक, उद्योगातला एक. रोज गोळी हातात देणाऱ्यासाठी वेगळी खुर्ची नाही. बोर्ड महत्त्वाचं नाही असं कोणी म्हणू नका. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ एफडीसींवर, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं ठरलेल्या प्रमाणात असलेल्या मिश्रणांवर, बंदी घातली, बोर्डाला विचारलं नाही म्हणून दिल्ली हायकोर्टाने डिसेंबरमध्ये ती उडवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये बोर्डाकडे पाठवलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये परत ३२८ वर बंदी आली. अडीच वर्षं आम्ही रोज होलसेलरला फोन करून विचारत होतो, आज विकायचं की नाही.

साइड इफेक्ट कळवायची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ मी दुकानात चिकटवलीय. कोणी विचारत नाही पण चिकटवलीय.

आकडेवाली
बायोस्टॅटिस्टिक्समध्ये काम करते. चांगला धागा आहे पण सगळेजण डॉक्टर, डॉक्टर म्हणताय. नावं मागवणारी पत्रं मेडिसिन, पेडिअ‍ॅट्रिक्स, फार्माकोलॉजीला जातात, आमच्याकडे कुणी फिरकत नाही. आणि फायलीत मान अडकते ती नेमकी आकड्यात. उदाहरण देते. नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल म्हणजे नवीन औषध जुन्यापेक्षा फार वाईट नाही एवढंच दाखवायचं. पण "फार" म्हणजे किती हे मार्जिन कंपनी प्रोटोकॉलमध्ये ठरवते. ते सैल ठेवलं की कमी गुणाचं औषधही पास होतं, आणि हे रिझल्टच्या स्लाइडवर दिसत नाही, प्रोटोकॉलमध्ये आत कुठेतरी असतं. ताई तुम्ही गेलात तर दोन कामं करा, मार्जिन कशावरून ठरवलं हे दर वेळी विचारा, आणि कमिटीत एक स्टॅटिस्टिशियन घ्या असं लेखी मागा. मला माहितीये एका मागणीने होणार नाही, पण मिनिट्समध्ये चार वेळा आलं की कोणालातरी उत्तर द्यावं लागेल.

गिरगावकर_वकील
मी एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमधल्या पेशंटचं हित बघणाऱ्या समितीवर, कायद्याचा सदस्य आहे, म्हणून थोडं वेगळं. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांनी एथिक्स कमिटीत किमान ७ माणसं सांगितली, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, एक सामान्य नागरिक, एक बाई, एक वकील, एक समाजशास्त्र किंवा एनजीओ वगैरे क्षेत्रातला. म्हणजे एका हॉस्पिटलमधली ट्रायल तपासायला सामान्य माणूस सक्तीचा. मग अख्ख्या देशासाठी औषध मंजूर करायला सांगणाऱ्या टेबलावर सामान्य माणसाची, पेशंटची खुर्ची का सक्तीची नाही? युरोपात औषधांच्या सुरक्षिततेची पीआरएसी कमिटी आहे, २०१२ पासून, तिच्यात पेशंट संघटनांचे प्रतिनिधी पूर्ण सदस्य म्हणून बसतात आणि सदस्यांचे हितसंबंध वेबसाइटवर लावलेले असतात. आमच्या कमिटीतल्या सामान्य सदस्य बाई निवृत्त शिक्षिका आहेत, संमतीपत्रातली मराठी पेशंटला कळणार नाही असं त्या म्हणाल्या की आम्ही सगळे परत वाचतो आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

मुंबईत हे बोलताना जेजे हॉस्पिटल विसरता येत नाही. १९८६ ला तिथे भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ पेशंट गेले, न्या. लेंटिन यांच्या आयोगापुढे सगळं बाहेर आलं, त्यात औषध प्रशासनातल्या नेमणुका आणि दबाव हेही होतं. योग्य खुर्चीवर योग्य माणूस बसवणं हा प्रश्न आपल्या शहराने माणसं गमावून शिकलाय. ताई, फॉर्म भरा.

मुलुंडची_फार्माकोलॉजिस्ट
सगळ्यांचे खूप आभार. भरतेय. मधुमेह सोडून गट सुचवणार, नवऱ्याची नोकरी आणि ती ट्रायल दोन्ही पहिल्याच पानावर लिहिणार. त्यालाही विचारलं, तो म्हणाला घरी फायलींबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, तुझ्या आणि माझ्या दोघांच्या भल्यासाठी. एकच शेवटचं, मीटिंग वर्किंग डेला असते, तेव्हा रजा टाकायची की ऑन ड्युटी? आणि वाचायला वेळ कुठून काढायचा, परीक्षा तोंडावर आहेत.

निवृत्त_मास्तर_ठाणे
रजा अजिबात टाकू नका. नाव संस्थेमार्फत जातंय ना, मग निवड झाली की डीनकडून एकच पत्र घ्या, मीटिंगचा दिवस आणि आदला दिवस ऑन ड्युटी. आदला दिवस वाचायला लागतो आणि तो तोंडी मागितला तर मिळत नाही, पत्रात लिहून घ्या. फायली उशिरा आल्या तर "वाचायला वेळ मिळाला नाही, या विषयावर मत देत नाही" असं मेलवर कळवा. पहिल्यांदा नाराज होतील, पुढच्या वेळी फाइल लवकर पाठवतात.

आकडेवाली
आणि प्रोटोकॉलचं पान अडलं तर सार्वजनिक पेपरमधलं तसंच उदाहरण शोधून मला विचारा, फाइलमधलं काही पाठवू नका, तिथे गोपनीयतेची सही असते.

मुलुंडची_फार्माकोलॉजिस्ट
हो, ते लक्षात आहे. नॉन-इन्फिरिऑरिटीवर दोन चांगले पेपर आत्ताच सुचवून ठेव, या रविवारी बसते.