प्रति: नवरा-बायको दोघं राजकारणात, आणि पराभव

नवरा-बायको दोघं राजकारणात असले, तर 'एकदा निवडणुकीत पडलं की जोडपं घरीच बसतं', हे म्हणणं मला पटत नाही. समाजवादी नेते मधू (नाना) आणि प्रमिला दंडवते या दांपत्याकडे बघा. आणीबाणीत प्रमिलाताई आपल्या पुण्यात, येरवड्याला, आणि मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. संसार पत्रांवर चालला! येरवड्यावरून जाताना मला अजूनही ते आठवतं.

नाना कोकणातल्या राजापुरातून १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही त्यांनी जागा राखली. प्रमिलाताई १९८० ला मुंबई उत्तर-मध्यमधून निवडून आल्या, पण त्याच लाटेत पडल्या. एकाच घरात एकाच दिवशी विजय आणि पराभव, कसं पेललं असेल? पण महिला दक्षता समितीचं, हुंड्याविरुद्धचं काम त्यांनी सोडलं नाही. मला तर त्या नानांपेक्षाही चिवट वाटतात.

१९९१ ला राजापूरने नानांनाही नाकारलं, तेही कोकण रेल्वेसाठी इतकं झटल्यावर. याचं मला आजही वाईट वाटतं. तरी १९९६ ला ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून पुन्हा कामाला लागले. खासदारकी नव्हती, पण हातात काम होतं.