साम्य १० टक्क्यांच्या आत आलं म्हणजे प्रकल्प प्रामाणिक झाला का?

कलिनाकर
प्रकल्प जमा करायचे दिवस आले की विद्यार्थी विचारतात, 'दुसऱ्यांच्या मजकुराशी किती टक्के साम्य चालतं?' यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच सगळ्यांना पाठ. माझं स्पष्ट मत: पदवीच्या प्रकल्पांना ही टक्केवारी लावूच नका. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की साम्य बहुतेक वेळा नगण्य येतं, कारण साम्य तपासणारं यंत्र (संगणकप्रणाली) शब्द जुळवतं. पीडीएफ युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात असेल, तर यंत्राला मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग मिळते. चोरी तशीच राहते, अहवाल मात्र स्वच्छ.

नियम वाचा आधी
सर, असहमत. आकडा काढलात तर निकाल मार्गदर्शकाच्या मर्जीवर जाईल, आणि त्यात गरीब विद्यार्थीच भरडला जातो. नियमावली नीट वाचली तर ती विद्यार्थ्याला सांभाळते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण समीकरणं मोजायची नाहीत; सर्वज्ञात माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही नाहीत. शिक्षाही पायरीपायरीने आहे. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायची संधी, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. अहवाल ही वगळणी न करता काढतात, तिथे चूक काढणाऱ्याची.

संदर्भ विभाग, फोर्ट
दोघंही शेवटच्या पानावर भांडताय. बिघडतं ते टिपणं काढताना. वहीत उतरवलेलं वाक्य आणि स्वतःचं वाक्य एकाच शाईत असलं, की दोन महिन्यांनी कुणाचं कुठलं हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून शब्दशः उतरवताना अवतरणचिन्ह त्याच क्षणी, पृष्ठ क्रमांक त्याच ओळीत. स्वतःच्या शब्दांत मांडायचं तर पुस्तक मिटून लिहायचं, मग उघडून ताडायचं. शब्द बदलले तरी तळटीप लागतेच, भाषांतरालाही लागते.

दुसरी खोड अधिक वाईट. शोधगंगेवरच्या (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) प्रबंधात मुंबईच्या १९०९-१०च्या तीन खंडी गॅझेटियरमधला (शहराच्या सरकारी माहितीग्रंथातला) उतारा दिसतो आणि विद्यार्थी तळटीपेत थेट गॅझेटियर टाकतो. प्रबंधात पान चुकलेलं असेल तर ती चूक पुढच्या दहा प्रकल्पांत जाते. मूळ खंड पाहिला नसेल तर 'अमुक प्रबंधात उद्धृत' असं लिहावं. त्यात काही कमीपणा नाही.

परळ-लालबाग
मग प्रत्येक ओळीला तळटीप द्यायची का? गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे तर मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे.

संदर्भ विभाग, फोर्ट
तारखेला नको. संपात किती कामगार होते, किती गिरण्या, याला हवीच. तिथे आकडे स्रोतागणिक बदलतात. वर्तमानपत्राचा असेल तर नाव, आवृत्ती, तारीख, पान. संकेतस्थळाचा असेल तर पाहिल्याची तारीखही. आणि एआयने सुचवलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत सापडून पान उघडेपर्यंत सूचीत घालू नये. लेखक खरा, पुस्तक अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं.

कलिनाकर
हे पटतं. तोंडी परीक्षेत कुठल्याही पाच तळटीपा निवडून 'ते पान दाखव' म्हणावं.

नियम वाचा आधी
साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच जमणार नाहीत, सर. दोन ठेवा, त्यातली एक भाषांतरित मजकुराची. टक्केवारीचा अहवाल मात्र सोबत राहू द्या.